चष्म्याच्या पलीकडची दृष्टी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



नाटक, संगीत, संतवाङ्मय असे रसाळ विषय सोडून आम्ही डोळ्यांचा विषय निवडला, याचे काहींना नवल वाटले असेल. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. आम्ही पडलो सरकारी नोकर. तथापि चेन्नईत राहणाऱ्या मराठी माणसाला नेत्ररोगांचे थोडेबहुत ज्ञान आपोआपच मिळते. विदर्भापासून कोल्हापूरपर्यंतचे कोणी ना कोणी आप्त डोळे दाखविण्यास या नगरीत येतात. त्यांच्या उतरण्याची सोय पाहणे, दुभाष्याचे काम करणे आणि रुग्णालयाच्या बाकावर तासन् तास बसणे हे आपल्यापैकी अनेकांनी केले आहे. त्या बाकांवर आम्ही जे पाहिले, डॉक्टरांना विचारले आणि मागाहून वाचले, त्यातील एकच गोष्ट आज सांगावयाची आहे : चष्म्याने नीट दिसत नाही, म्हणजे दृष्टी गेली असे नव्हे.

नेत्रोपचारांचा आणि या भूमीचा संबंध जुना आहे. एग्मोरचे सरकारी नेत्ररुग्णालय १८१९ साली स्थापन झाले. जगातील सर्वांत जुन्या नेत्ररुग्णालयांत त्याची गणना होते. त्याच काळात तंजावरास सरफोजीराजे दुसरे यांच्या धन्वंतरी महालात नेत्ररोग्यांवर उपचार होत, आणि त्या रोग्यांच्या डोळ्यांची चित्रे व टिपणे सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेली आहेत. मराठी राजाने तमिळ भूमीत केलेले हे कार्य आपण अभिमानाने सांगावे असे आहे. पुढे १९७८ मध्ये डॉ. एस. एस. बद्रीनाथ यांनी शंकर नेत्रालयाची स्थापना केली. २०२३ साली ते निवर्तले. पण त्यांच्या संस्थेचे नाव आज महाराष्ट्रातील खेड्यांतही ठाऊक आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. डोळ्याच्या अगदी पुढे, बुबुळावर, घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला स्वच्छमंडल किंवा कॉर्निया म्हणतात. त्याची वक्रता सारखी असेल तर प्रकाशकिरण आत व्यवस्थित एकवटतात. काही जणांत मात्र किशोरवयापासून हा पडदा मध्यभागी पातळ होऊ लागतो आणि शंकूसारखा पुढे येतो. या विकाराला केराटोकोनस म्हणतात. दिव्याभोवती किरणे फुटलेली दिसतात, एका अक्षराची दोन होतात, चष्म्याचा नंबर वारंवार बदलतो. पृष्ठभागच वेडावाकडा झाल्यावर समोर टांगलेली चष्म्याची काच काय करणार? उंचसखल जमिनीवर सतरंजी कितीही नीट अंथरली, तरी बैठक सपाट होत नाही, तशातला हा प्रकार.

हा विकार अगदी विरळा आहे असेही नव्हे. नागपूरनजीकच्या ग्रामीण भागात तीस वर्षांवरील साडेचार हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. वक्रतेच्या मापावरून शंभरांत सुमारे २.३ जणांना हा विकार असल्याचे त्यात आढळले.

अशा डोळ्यांना आधार देते ती विशेष प्रकारची, कडक काँटॅक्ट लेन्स. तिचे मर्म मोठे सुबोध आहे. लेन्स आणि स्वच्छमंडल यांमधील जागा अश्रूंनी भरते; उंचसखलपणा त्या द्रवाखाली झाकला जातो आणि प्रकाशाला लेन्सचा गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. ही कल्पना आजची नव्हे. १८८८ साली झुरिकच्या फिक यांनी आणि पॅरिसच्या काल्ट यांनी काचेच्या लेन्स वापरून पाहिल्या. काल्ट यांनी तर केराटोकोनससाठीच. परंतु स्वच्छमंडलात रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा प्राणवायू ते मुख्यतः हवेतून घेते. काचेखाली ते गुदमरे, आणि काही तासांतच डोळा लाल होई. प्राणवायू आरपार जाऊ देणारे प्लॅस्टिक १९७० नंतर निघाले, तेव्हा ही अडचण दूर होऊ लागली.

आज स्क्लेरल नावाची मोठी लेन्स मिळते. ती स्वच्छमंडलाला स्पर्श न करता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि आत निर्जंतुक क्षारजलाचा साठा धरून ठेवते. म्हणून केराटोकोनसखेरीज इतरही रोग्यांना तिचा उपयोग होतो. एखाद्या औषधाची भयंकर प्रतिक्रिया येऊन अंगाची त्वचा सोलवटते, त्यास स्टीव्हन्स-जॉन्सन विकार म्हणतात. त्यातून जीव वाचला तरी डोळे पुष्कळदा कोरडे ठणठणीत पडतात आणि पापणीची प्रत्येक उघडझाप वाळू घासल्यासारखी वाटते. चुना डोळ्यांत उडून झालेली दुखापतही तशीच दारुण. अशा डोळ्यांना तो क्षारजलाचा साठा दिवसभर ओलावा देतो. बॉस्टनचे डॉ. पेरी रोझेंथल यांनी याच कार्यासाठी १९९२ मध्ये संस्था काढली. तेथे विकसित झालेली, प्रत्येक डोळ्याच्या मापाने घडविलेली 'प्रोज' लेन्स आपल्या चेन्नईतही बसविण्यात आली आहे.

विदर्भातील एका विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. तीन वर्षांत त्याचे चार चष्मे झाले होते. अभ्यास टाळण्याची ही सबब आहे, असे घरचे म्हणू लागले होते. येथे त्याच्या स्वच्छमंडलाचा यंत्राने नकाशा काढला, तेव्हा कारण उघड झाले. दोनतीन दिवस निरनिराळ्या लेन्स बसवून पाहिल्यावर एक नेमकी जमली. बाहेर येताच त्याने रस्त्यावरील बसचा क्रमांक वाचून दाखविला. पाटीवरचे तमिळ मात्र त्याला वाचता येईना, आणि त्यावर कोणती लेन्स मिळेल असे त्याने हसत विचारले! त्याचे वडील तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून उभे होते.

पण लेन्स म्हणजे जादू नव्हे. ती दृष्टी देते, रोग बरा करीत नाही. विकार वाढत असेल तर तो थोपविण्यासाठी क्रॉस-लिंकिंग नावाचा निराळा उपचार आहे. त्यात रिबोफ्लेविनचे थेंब घालून अतिनील किरण सोडतात, आणि तो वेळेवर झाला पाहिजे. डोळे चोळण्याची सवय या रोगाला पोषक ठरते. मुलांना ती लागू देऊ नये. लेन्स हाताळण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. ती नळाच्या, बोअरच्या किंवा कॅनच्या पाण्याने कधीही धुऊ नये, कारण पाण्यातील अकँथअमीबा हा सूक्ष्म जीव डोळ्याचा सत्यानाश करू शकतो. रात्री ती काढून ठेवावी. डोळा लाल झाला, दुखू लागला तर तत्काळ काढून डॉक्टरांकडे जावे.

आणखी एक गोष्ट स्पष्टच बोलतो. आपल्या घरांत मुलीला अशी लेन्स लागते ही गोष्ट लग्न ठरेपर्यंत, कित्येकदा लग्नानंतरही, झाकून ठेवतात. जी वस्तू रोज रात्री काढावयाची, स्वच्छ करावयाची, ती चोरून कशी वापरणार? लपविण्याच्या नादात लेन्स घालूनच झोपणे घडते आणि ज्या डोळ्यांसाठी एवढा खटाटोप केला, तेच धोक्यात येतात. चष्म्याची लाज आपण दोन पिढ्यांपूर्वी सोडली, हीही सोडावी.

मंडळापुढे आमच्या दोन नम्र सूचना आहेत. उपचारांसाठी येणाऱ्या मराठी कुटुंबांना दोन दिवसांत परतण्याची घाई असते. लेन्सचे माप घेण्यास अधिक दिवस लागू शकतात, हे त्यांना येण्यापूर्वीच कळवावे, आणि रुग्णालयात सोबतीस जाणाऱ्या स्वयंसेवकांची यादी कार्यालयात असावी. दुसरी सूचना नेत्रदानाची. लेन्सनेही भागत नाही अशा डोळ्यांना कोणाच्या तरी मरणोत्तर दानाचाच आधार असतो.

ज्या नगरीने आपल्याला अन्न आणि आसरा दिला, ती आपल्या गावाकडच्या माणसांना दृष्टीही देते आहे. त्या दोघांमधला दुभाषा होणे हे आपल्या मंडळाला शोभेल असे काम आहे, एवढे सांगून आपली रजा घेतो.