मोहाच्या झाडाखाली
(तरुण संघाच्या स्वयंसेवक बैठकीत केलेले भाषण)



सुट्टीत जव्हार तालुक्यात शहरातल्या मुलांचं निसर्ग शिबिर घ्यायचं आहे, त्यासाठी स्वयंसेवक हवेत. एवढंच सांगायला मला दहा मिनिटं दिली आहेत. पण आधी पहिल्या शिबिरात माझ्या हातून काय चुकलं ते सांगते.

मुंबईची 22 मुलं घेऊन मी एका वारली पाड्यावर गेले होते. एप्रिल महिना, मोहाचे दिवस. मोहाची फुलं पहाटे गळतात. उजाडताच वेचावी लागतात, नाहीतर गुरं-शेळ्या खाऊन टाकतात. वाळवून ठेवली की घराला तेवढाच आधार. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी पाड्यावरच्या एका आजींना मी सकाळी 6 वाजताच मुलांबरोबर चला म्हटलं. त्या आल्या. पळसाच्या पानांचा द्रोण करून दाखवला. शेवळं पावसाच्या तोंडावर उगवतात, त्यांनी घसा खाजतो म्हणून काकडाची फळं घालूनच शिजवायची, हेही सांगितलं. मुलं फोटो काढत होती.

परतलो तेव्हा 9 वाजून गेले होते. आजींच्या झाडाखाली शेळ्या उभ्या होत्या, फूल एकही नव्हतं. आजी काही बोलल्या नाहीत. रिकामी टोपली कुडाला अडकवली आणि आत गेल्या. मी त्यांना मंडळीतर्फे शाल दिली. एप्रिलमध्ये शाल!

संध्याकाळी एका मुलीने विचारलं, "ताई, आजींची आजची फुलं गेली, त्याचं काय?" ईश्वरविज्ञानाच्या पदविकेला मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे 5 वाजता मुलं उठली आणि आजींबरोबर वेचायला बसली. हात चिकट झाल्यामुळे मोबाईल कुणी बाहेर काढला नाही. तासाभरात सगळ्यांनी कंबर धरली. खरं शिबिर तिथून सुरू झालं.

आता आम्ही तारखा पाड्यावर विचारून ठरवतो. वाट दाखवणारी व्यक्ती मुलांची शिक्षक असते आणि तिचं मानधन त्याच दिवशी तिच्या हातात दिलं जातं. जुने कपडे वाटायचे नाहीत, पत्रिकाही वाटायच्या नाहीत. हे काही वडीलधाऱ्यांना पटत नाही, मला माहीत आहे. पण आपण शिकायला जात असताना तिथे शिकवायला बसू नये, असं माझं मत आहे.

या वर्षी 8 जण हवेत. मुलींसोबत राहायला दोन बहिणी, प्रथमोपचार येणारा एक जण, आणि रात्री-अपरात्री जव्हारच्या रुग्णालयापर्यंत गाडी नेईल असा एक चालक. उरलेल्यांनी मार्चमध्ये एक दिवस आधी पाड्यावर येऊन माणसांची ओळख करून घ्यायची आहे. गाणी म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. या वेळी पहाटे उठणारे पाहिजेत. नावं आजच चिटणिसांकडे द्या.