पोवाड्यातून आवाजाची तालीम



तुर्कस्तानात अनातोलियाच्या खेड्यांतील लांब सुरांची लोकगीते आज संगीत विद्यालयांत शिकवली जातात. असा ठेवा आपल्याकडेही आहे. अनंत फंदी आपल्या संगमनेरचे. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला १९१६ साली जन्मलेले शाहीर अमर शेख मूळचे मेहबूब पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा पहाडी आवाज गाजला.

पोवाड्याला घसा ताणून चालत नाही. श्वास पोटातून घ्यावा लागतो, शब्द शेवटच्या माणसापर्यंत स्पष्ट जावा लागतो, 'जी जी' म्हणणाऱ्या झीलकऱ्यांना सूर सांभाळावा लागतो. वर्गात पुटपुटणाऱ्या आमच्या मुला-मुलींना हीच तालीम हवी. पालकहो, मुलाखतीत आवाज न फुटल्याने हुशार मूलही मागे पडते. आठवड्याचा एक तास पोवाड्याला द्या.