पेशीतील ग्राही आणि पीथमपूरचा धूर



१ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारातून बारा बंद कंटेनर बाहेर पडले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीथमपूरला, म्हणजे पवारांच्या जुन्या धार संस्थानच्या मुलखात, पोहोचले. त्यांत कारखान्याचा ३३७ टन विषारी कचरा होता. उच्च न्यायालयाच्या आदेशाने तो तेथे जाळावयाचा होता. ३ जानेवारीला पीथमपूरचे लोक रस्त्यावर आले. दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या भीतीला अडाणीपणा म्हणणे सोपे होते आणि ते काहींनी म्हटलेही. परंतु त्या भीतीच्या मुळाशी जो पदार्थ आहे, त्याचे नाव डायॉक्सिन.

क्लोरीनयुक्त पदार्थ अपुऱ्या उष्णतेत जळाला, किंवा जळून निघालेला वायू सावकाश थंड होत गेला, की डायॉक्सिन तयार होऊ शकते. कारखान्याच्या आवारातील मातीत क्लोरीनयुक्त रसायने आढळलेली आहेत. म्हणून प्रश्न रास्तच होता.

२ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री सुटलेल्या मिथिल आयसोसायनेटचा मार्ग निराळा होता. तो वायू जेथे लागेल तेथे जाळीत गेला. डोळे गेले, फुप्फुसे गेली. डायॉक्सिन असे जाळीत नाही. ते पेशीतील एका प्रथिनाला जाऊन चिकटते आणि पुढचे सारे काम पेशीकडूनच करवून घेते. १९७६ साली ॲलन पोलंड या अमेरिकन संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या यकृतात या प्रथिनाचा माग काढला. त्याच वर्षी जुलैमध्ये इटलीतील सेव्हेसो गावावर डायॉक्सिनचा ढग पसरला होता. या प्रथिनाला अरिल हायड्रोकार्बन ग्राही म्हणतात. पाहुणा आत बसला की ग्राही पेशीकेंद्रकात शिरतो आणि काही जनुके जागी करतो. त्यांतून परके पदार्थ मोडून काढणारी विकरे तयार होतात. साधा पाहुणा मोडला जातो आणि हुकूम थांबतो. डायॉक्सिन सहजी मोडत नाही. हुकूम चालूच राहतो. प्राण्यांवरील प्रयोगांत यामुळे प्रतिकारशक्ती खचलेली दिसली.

मग निसर्गाने हे दार विषासाठी का ठेवले? ग्राही अतिप्राचीन आहे, डायॉक्सिनचे कारखाने कालचे. उत्तर मिळाले ते आतड्यात. कोबी, मुळा, मोहरी यांतील काही द्रव्ये जठरातील आम्लात बदलून याच ग्राहीत बसतात. आतड्यातील सूक्ष्मजीवही ट्रिप्टोफॅन या अॅमिनो आम्लापासून इंडोल जातीची द्रव्ये बनवतात; तीही येथेच येतात. २०११ मध्ये असे दिसले की, ग्राहीला हे पोषण मिळाले नाही तर उंदरांच्या आतड्याच्या अस्तरातील पहारेकरी पेशी कमी होतात. २०१३ मध्ये लॅक्टोबॅसिलस जातीच्या जिवाणूने केलेले असे एक द्रव्य अस्तराचे बुरशीपासून रक्षण करते, हेही दाखविले गेले.

दाहाच्या बाबतीत तर गुंता अधिकच. २००८ च्या एका प्रयोगात डायॉक्सिनने दाह शमविणाऱ्या पेशी वाढवून उंदरांचा मज्जासंस्थेचा आजार सौम्य केला, तर ट्रिप्टोफॅनपासूनच बनलेल्या दुसऱ्या द्रव्याने तोच आजार बळावला! मराठीत गुणग्राही असा एक सुंदर शब्द आहे. हा ग्राही तसा नव्हे. ज्याचा आकार जमेल त्याला तो आत घेतो. परिणाम ठरतो तो कोण आला, किती आला आणि किती काळ राहिला यावर. याच ग्राहीवर काम करणाऱ्या टॅपिनारॉफ या सोरायसिसवरील मलमाला अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळाली.

भोपाळला आणखी एक गोष्ट लागू पडते. त्या कारखान्यात सेव्हिन, म्हणजे कार्बारिल हे कीटकनाशक बनत असे आणि ३३७ टनांत त्याचे अवशेष होते. कार्बारिल स्वतःच या ग्राहीला चिकटते, पण दुबळेपणाने, असे १९९८ मध्ये आढळले. चिकटणे म्हणजे आजार नव्हे, हे विसरून दोन टोकांची विधाने करणे टाळावे.

पीथमपूरला फेब्रुवारी-मार्च २०२५ मध्ये तीन चाचण्या झाल्या. उत्सर्जन मर्यादेत असल्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितले. डायॉक्सिनसाठी ती मर्यादा दर घनमीटर वायूत ०.१ नॅनोग्रॅम आहे. जूनअखेर कचरा जळून संपला. राख मात्र उरली, आणि डायॉक्सिनचा विचार करताना धुराइतकाच राखेचाही करावा लागतो. मानवी शरीरात शिरलेले सर्वांत घातक डायॉक्सिन निम्मे व्हायला सुमारे सात वर्षे लागतात. भोपाळच्या आवारातील उरलेली माती आणि आसपासचे भूजल यांचा समावेश त्या ३३७ टनांत नव्हता.