पहिली कामगार ठेवताना
(बचतगटांतून उद्योग उभे करणाऱ्या स्त्रियांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मेळाव्यात आपण नेहमी कामगार म्हणून बोलतो. किमान वेतन मिळत नाही, रजा मिळत नाही, मालक दाद देत नाही, हे आपले विषय. आज मला दुसऱ्या बाजूने बोलायला सांगितलंय. दुसरं शिलाई मशीन घेऊन त्यावर शेजारची मुलगी कितीजणींनी बसवलीय? कितीजणींच्या खानावळीत पोळ्या लाटायला बाई येते? बरेच हात वर आले. ज्या दिवशी ती कामावर आली आणि तुम्ही पैसे ठरवलेत, त्या दिवसापासून कायद्याच्या भाषेत तुम्ही मालक झालात.

हा शब्द घशाखाली उतरत नाही, मला ठाऊक आहे. गटांच्या हिशेबवह्या बघताना मी कायम ऐकते, "ताई, ती कामाला नाही, मदतीला येते. घरच्यासारखीच आहे." आपण ज्या मालकांविरुद्ध कामगार कार्यालयात गेलो तेही हेच म्हणत होते. मदतीला येणारीला पगार नसतो, 'थोडंफार देतो' असतं. तिला सुट्टी नसते, 'अधूनमधून दांड्या मारते' असतं. आणि चार वर्षांनी ती दुसरीकडे काम मागायला गेली तर चार वर्षं कुठे होती याला पुरावा नसतो.

तेव्हा आधी कागदांचं बोलू. पहिला कागद शॉप ॲक्टचा. बाजारात अजून त्याला गुमास्ताच म्हणतात. १९४८चा जुना कायदा जाऊन २०१७ साली महाराष्ट्रात नवा आला. त्यात दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी लागत नाही, फक्त कळवायचं. धंदा सुरू केल्यापासून साठ दिवसांत ऑनलाइन सूचना भरायची, पोचपावती ठेवायची. बँकेत चालू खातं उघडताना तुमच्यापैकी अनेकींनी हे केलंही असेल. तेव्हा कामगारांच्या जागी शून्य लिहिलं असेल, तर तो आकडा दुरुस्त करा. उद्यम नोंदणीतही कामावर पुरुष किती, स्त्रिया किती, असं विचारतात. तिथेही तिला मोजा. आणि एजंट सांगेल ती सरकारी फी नव्हे. पावती मागा.

दुसरा कागद व्यवसाय कराचा, आणि इथे जरा थांबते. हा कर महाराष्ट्राने १९७५ साली बसवला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला. दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांची मजुरी या पैशातून निघाली, म्हणून या कराबद्दल मला थोडी माया आहे. तुमचा स्वतःचा व्यवसाय कर वेगळा. पण कामावरच्या माणसाच्या पगारातून तो कापावा लागत असेल, तर मालकाने तीस दिवसांत मालक म्हणून नोंदणी करायची. आता बघा. पुरुषाचा पगार महिना साडेसात हजारांच्या वर गेला की कर लागतो. स्त्रीला मात्र १ एप्रिल २०२३पासून पंचवीस हजारांपर्यंत माफी आहे. म्हणजे बारा हजारांवर मुलगा ठेवलात तर महिना दोनशे, फेब्रुवारीत तीनशे कापायचे, भरायचे, आणि सरकारदरबारी तुमची मालक म्हणून नोंद होते. त्याच पगारावर मुलगी ठेवलीत तर यातलं काहीच करावं लागत नाही. सवलत चांगलीच आहे, मी तिच्याविरुद्ध नाही. पण छोट्या धंद्यात पहिली कामगार बहुधा बाई असते, आणि कामाला माणूस आहे हे सरकारला सांगायला लावणारा एक कागद तिच्यापुरता गळून पडतो.

बाकीचे कायदे दहापासून सुरू होतात. राज्य विमा दहापासून. सव्वीस आठवड्यांची बाळंतपणाची रजा दहापासून. लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती दहापासून. भविष्य निर्वाह निधी तर वीसपासून. मालक आणि बहुसंख्य कर्मचारी राजी असतील तर निधीत स्वेच्छेने येता येतं. एकटीच कामाला असेल तर बहुमताचा प्रश्न लवकर सुटावा! शॉप ॲक्टची दहाची रेषासुद्धा वीसवर न्यायचं राज्य मंत्रिमंडळाने २०२५ साली ठरवलं. एकटीला दहा काय आणि वीस काय.

२१ नोव्हेंबर २०२५ला चार कामगार संहिता लागू झाल्या. आता प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र, असं जाहीर झालं. पण ते कलम ज्या सुरक्षा संहितेत आहे तिच्यात आस्थापना म्हणजे दहा कामगारांची जागा. तुमच्या मशीनवरची मुलगी पुन्हा बाहेर. वेतन संहिता मात्र एकीलाही लागू आहे. किमान वेतन, सारख्या कामाला सारखा मोबदला, कामगारांची नोंदवही आणि पगाराची चिठ्ठी. नोंदवही आणि चिठ्ठीतून सूट आहे ती घरकामाला किंवा शेतीला पाचपर्यंत माणसं ठेवणाऱ्यांना. (मोलकरणींच्या संघटनांनी यावर बोलायला हवं, आजचा तो विषय नाही.) तुमची खानावळ, मसाल्याचा कारखाना, पार्लर यांना ती सूट नाही, मग ते राहत्या घरात का चालत असेना. मुलगी चौदाच्या आतली असेल तर नोंदीचा प्रश्नच येत नाही. तिला ठेवायचंच नाही.

आता मागच्या रांगेतून आवाज आला, "आम्हालाच पुरत नाही, तिला किमान वेतन कुठून देऊ?" प्रश्न खोटा नाही. शिलाईचं बघा. कापड व्यापाऱ्याचं, माप त्याचं, नगाचा दरही त्याचाच. तुम्ही फक्त जागा, मशीन आणि दोन बायकांचे हात देता. तो दर तुमची एकटीची रात्रीची जागरणं धरून ठरलेला आहे. त्यात दुसरीचा पगार बसतच नाही. अशा वेळी मालक कोण, हेच आधी विचारा. सामाजिक सुरक्षा संहितेत घरखेपी काम करणारी बाई असंघटित कामगार म्हणून धरली आहे. काही ठेकेदार बायकांना सांगतात, "तुमच्या नावाने शॉप ॲक्ट काढा, मगच माल देतो." कागदावर बाई उद्योजक होते आणि त्याच्या अंगावरची जबाबदारी निघून जाते. असा कागद काढण्यापूर्वी संघटनेत येऊन विचारा.

पण माल तुमचा, गिऱ्हाईक तुमचं, भाव तुम्ही ठरवता, असं असेल, तर डब्याचा किंवा ब्लाउजचा भाव काढतानाच तिचा पगार खर्चात धरा. तेल-गॅस धरता तसाच. तेल महागलं की भाव वाढवता ना? किमान वेतनातला विशेष भत्ताही दर सहा महिन्यांनी बदलतो. परिमंडळानुसार दर वेगळा असतो, तो कामगार कार्यालयात विचारून भिंतीवर लिहा.

नेमणूकपत्राची सक्ती नसली तरी द्या. अर्धा कागद पुरतो. नाव, काम, कधीपासून, किती तास, पगार किती, सुट्टी कोणती. दोघींच्या सह्या, एक प्रत तिला. पगार शक्यतो तिच्याच खात्यात. नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या हातात द्यायचा नाही, त्याने येऊन मागितला तरी.

एक विषय राहिला, तो कुणाला आवडत नाही. काम घरात चालतं. घरात तुमचा नवरा, दीर, मोठा मुलगा असतो. माल न्यायला दलाल येतो. २०१३च्या कायद्याप्रमाणे राहतं घरही कामाची जागा धरलं जातं. दहापेक्षा कमी कामगार असले तर अंतर्गत समिती नसते, पण तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. त्यासाठी तुमच्या कुठल्याही नोंदणीची गरज नाही. तक्रार तुमच्याच घरातल्या माणसाविरुद्ध असू शकते. म्हणूनच समितीचा पत्ता ती पहिल्या दिवशी आली की तिला द्या, तुमच्या हाताने.

अर्ध्या कागदाचे नमुने मी आणलेत. चहा झाल्यावर पाच-पाचजणी बसू आणि नोंदवहीचे रकाने आखू. ज्यांच्याकडे कामाला असणारी आज इथे आली आहे, त्यांनी तिला शेजारी बसवून घ्या. कामावर कधीपासून येते ती तारीख तिलाच सांगू दे.