शिक्षणाची वाट आणि खर्चाचा हिशेब

(परिचारिका दिनानिमित्त, १२ मे रोजी, रुग्णालयाच्या सभागृहात कर्मचारीवर्गासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. वक्ते निवृत्त बँक अधिकारी असून संस्थेच्या कर्मचारी कल्याण समितीचे सल्लागार आहेत.)



आजचा दिवस सत्काराचा आणि कौतुकाचा असतो. तो कार्यक्रम आत्ताच पार पडला. कल्याण समितीने मला मात्र वेगळा विषय दिला आहे. नोकरी करता करता, संसार सांभाळता सांभाळता, पुढे शिकावे, कामाचे स्वरूप बदलावे, असे आपल्यापैकी अनेकांच्या मनात असते. वॉर्डात आया म्हणून काम करणाऱ्या मावशींना ए.एन.एम. व्हायचे असते, ए.एन.एम. भगिनींना जी.एन.एम. करायचे असते, जी.एन.एम. झालेल्यांना पदवी हवी असते. कुणाला रुग्णसेवेतून अध्यापनाकडे, कुणाला प्रशासनाकडे वळायचे असते. इच्छा असते, पण पैशाचे कसे करायचे, या एका प्रश्नापाशी पाऊल अडते. त्या प्रश्नाविषयी मी बोलणार आहे.

आरंभी एक उदाहरण देतो. ते आपल्या सर्वांना ठाऊक असलेल्या महापुरुषाचे आहे. पण त्याकडे पैशाच्या नियोजनाच्या दृष्टीने आपण क्वचित पाहतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेले. तेथून १९१६ मध्ये ते लंडनला आले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. परतण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून एक परवानगी मात्र मिळवली, की चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुन्हा सुरू करता येईल. पुढे १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि पगारातून शिल्लक टाकू लागले. त्या शिलकीत कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज यांची भर पडली. १९२० च्या जुलैमध्ये, चार वर्षांची मुदत संपण्याच्या आत, ते पुन्हा लंडनला रवाना झाले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांनी मिळवल्या.

त्यांच्या बुद्धीची आणि कष्टांची बरोबरी आपण करू शकणार नाही. पण त्यांची पद्धत आपल्याला घेता येते. तिच्यात चार गोष्टी आहेत. सोडताना दार उघडे ठेवणे, स्वतःची शिल्लक, संस्थेचे किंवा दात्याचे साहाय्य, आणि सर्वांत शेवटी, उरलेल्या रकमेपुरते कर्ज. आपण बहुधा हा क्रम उलटा लावतो. आधी प्रवेश, मग धावपळीत कर्ज, आणि शिल्लक तर नसतेच.

आता वाटेविषयी. ए.एन.एम.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जी.एन.एम.चा तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. जी.एन.एम. झालेल्यांसाठी पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षांचे, आणि त्यापुढे एम.एस्सी. दोन वर्षांचे. ज्या मावशींचे शिक्षण दहावीपाशी थांबले, त्यांनी पहिली पायरी बारावीची धरावी. सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची परीक्षा देता येते किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून बारावी करता येते. या पायरीला नोकरी सोडावी लागत नाही आणि खर्चही बेताचा येतो. ‘एवढ्या वयात बारावी?’ असे कुणी म्हटले, तर म्हणू द्यावे.

येथे एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. ‘घरबसल्या नर्सिंग’, ‘सहा महिन्यांत प्रमाणपत्र, नोकरीची हमी’ अशा जाहिराती आपण बसस्थानकावर, रिक्षांच्या पाठीवर पाहतो. नर्सिंगचे शिक्षण घरबसल्या होत नाही. नियमाप्रमाणे तासिकांना किमान ८० टक्के उपस्थिती लागते आणि प्रात्यक्षिकांची उपस्थिती तर शंभर टक्के पूर्ण करावी लागते. ज्या संस्थेला मान्यता नाही, तिच्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणीवाचून ते प्रमाणपत्र केवळ कागद आहे. पैसे भरण्यापूर्वी संस्थेचे नाव मान्यताप्राप्त यादीत त्या वर्षासाठी आहे का, ते स्वतः पाहावे. संसदेने २०२३ मध्ये परिचर्या व प्रसविका आयोगाचा नवा कायदा केला आहे. नियम बदलत राहतील. म्हणून मैत्रिणीने पाच वर्षांपूर्वी भरलेल्या अर्जावर विसंबू नये. वयोमर्यादा, गुण, प्रवेश परीक्षा हे सारे चालू वर्षाच्या माहितीपत्रकातूनच वाचावे.

आता मुख्य विषय, खर्च. खर्च किती, असे विचारले की आपण फी सांगतो. वस्तुतः फी हा खर्चाचा लहान भाग असतो. एक नमुना हिशेब मांडतो. समजा, एका भगिनीला दरमहा १८,००० रुपये वेतन आहे. तिला दोन वर्षांचा अभ्यासक्रम करायचा आहे आणि दोन्ही वर्षांची फी, पुस्तके, गणवेश मिळून २ लाख रुपये लागणार आहेत. दोन वर्षांत बुडणारे वेतन होते ४,३२,००० रुपये. म्हणजे खरा खर्च २ लाख नसून ६,३२,००० रुपये आहे आणि त्यातला दोन तृतीयांशाहून अधिक भाग कोणत्याही फीच्या पावतीवर दिसत नाही. कर्ज देणारी बँक फी, वसतिगृह, पुस्तके यांसाठी पैसे देते. घरचा किराणा, मुलांच्या शाळेची फी आणि सासूबाईंची औषधे यांसाठी देत नाही. अनेकांचे शिक्षण अडते ते फीपाशी नव्हे, या किराण्यापाशी.

हाच हिशेब पुढे नेऊ. समजा, शिक्षणानंतर वेतन दरमहा ८,००० रुपयांनी वाढले. तर ६,३२,००० रुपये भरून येण्यास ७९ महिने, म्हणजे साधारण साडेसहा वर्षे लागतील. व्याज धरले तर आणखी काही. बत्तिसाव्या वर्षी शिकायला जाणारी भगिनी एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत खर्च भरून काढते आणि पुढची सतरा वर्षे तिची कमाई आहे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हाच निर्णय घेतला, तर निवृत्तीचे अठ्ठावन्नावे वर्ष येईपर्यंत खर्च जेमतेम भरून निघतो. याचा अर्थ त्या वयात शिकू नये असा नाही. ज्ञानाचे मोल केवळ रुपयांत होत नाही. पण त्या वयात नोकरी सोडून पूर्णवेळ शिकण्यापेक्षा नोकरीत राहून होणारा छोटा अभ्यासक्रम, जंतुसंसर्ग नियंत्रणाचा, वैद्यकीय अभिलेखांचा किंवा संगणकाचा, अधिक शहाणपणाचा ठरतो. हे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकीने आपले आकडे घालून घरी बसून हा हिशेब करावा, आणि तो घरातल्या माणसांसमोर करावा.

या पैशाची सोय कशी करावी? आधी शिल्लक. प्रवेशापूर्वी किमान दोन वर्षे आवर्ती ठेव सुरू करावी. दरमहा ३,००० रुपये टाकले तर दोन वर्षांत व्याज सोडून ७२,००० रुपये होतात. दोन वर्षे हा हप्ता बाजूला काढून घर चालते की नाही, याची परीक्षाही त्यातच होते. भविष्य निर्वाह निधीला मात्र शक्यतो हात लावू नये. तो म्हातारपणाचा आहे.

त्यानंतर साहाय्य. राज्य शासनाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, कौटुंबिक वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी स्वतंत्र योजना आहेत. सवलत शासकीय प्रवेशप्रक्रियेतून येणाऱ्यांना असते, व्यवस्थापन कोट्याला नाही. आपला अभ्यासक्रम आणि महाविद्यालय तीत बसते का, ते प्रवेशापूर्वीच विचारावे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र यांसाठी तहसील कार्यालयात वेळ जातो. हे कागद सहा महिने आधी तयार असावेत.

आणि शेवटी कर्ज. शैक्षणिक कर्ज ही बँकेची मेहेरबानी नव्हे, ती रीतसर योजना आहे. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेनुसार चार लाखांपर्यंतच्या कर्जाला स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही आणि तारणही लागत नाही. विवाहित स्त्रीसाठी पती किंवा सासू-सासरे सहकर्जदार होऊ शकतात. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते. पण व्याज पहिल्या दिवसापासून लागते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पहिल्या वर्षाच्या आरंभी १ लाख आणि दुसऱ्या वर्षाच्या आरंभी १ लाख घेतले, दर दहा टक्के धरला, तर सरळ व्याजाने तीन वर्षांअखेर २ लाखांचे अडीच लाख होतात आणि पाच वर्षांसाठी सुमारे ५,३१० रुपयांचा हप्ता पडतो. त्याऐवजी पहिल्या वर्षी दरमहा ८३३ आणि पुढील दोन वर्षे १,६६७ रुपये व्याज भरत गेल्यास मुद्दल २ लाखच राहते आणि हप्ता सुमारे ४,२५० रुपये येतो. अशा नियमित व्याज भरणाऱ्यांना काही बँका दरात एक टक्का सूटही देतात. ती मागून घ्यावी.

आपल्या पतसंस्थेचे कर्ज सोपे वाटते, कारण माणसे ओळखीची असतात. पण त्याचा हप्ता पुढच्याच महिन्यापासून पगारातून कापला जातो. पगारच थांबला, तर तो हप्ता जामीनदार सहकाऱ्याच्या पगारातून जातो. शिकायला जाणाऱ्या भगिनीने आपल्या मैत्रिणीच्या घरात भांडण लावून जाऊ नये. दागिने गहाण ठेवण्याची वेळ आली, तर ते नोंदणीकृत बँकेतच ठेवावेत. सावकाराच्या दुकानात नव्हे.

राजीनामा देण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. कायम सेवेतील कर्मचाऱ्याला सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी मिळते. पाच वर्षे पूर्ण होण्यास काही महिने उरले असतील, तर थांबावे. नोकरी सुटली की राज्य विमा योजनेचे उपचार पुढे काही काळाने बंद होतात. कुटुंबासाठी आरोग्यविम्याची दुसरी सोय आधी करावी. आणि राजीनाम्याऐवजी विनावेतन अध्ययन रजा मिळते का, ते लेखी अर्ज करून विचारावे. उघडे दार म्हणतात ते हेच.

आता दोन शब्द व्यासपीठावरील मंडळींसाठी. माझे स्पष्ट बोलणे आपण गोड मानून घ्याल अशी आशा आहे. कर्मचारी शिकून निघून जातात, ही प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाची तक्रार असते आणि ती खरी आहे. त्यावर करारपत्र हा उपाय सुचतो. करार अवश्य असावा. पण त्याची मुदत मदतीच्या रकमेशी सुसंगत असावी, उरलेली रक्कम भरून मोकळे होण्याची वाट त्यात असावी, आणि मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याची प्रथा कोठेही नसावी. बडोदा संस्थानानेही आंबेडकरांकडून दहा वर्षांच्या सेवेचा करार घेतला होता. ते १९१७ मध्ये करार पाळण्यासाठी बडोद्याला गेलेही. पण जातीमुळे त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना, आणि नोकरी सोडावी लागली. माणूस कराराने बांधला जातो, पण टिकतो तो सन्मानाने. शिकून परतलेल्या भगिनीला पूर्वीच्याच पदावर, पूर्वीच्याच वेतनावर बसवले, तर ती जाईल आणि तिला दोष देता येणार नाही.

निधीचा प्रश्नही मी जाणतो. रुग्णांच्या देयकांतून निर्धन रुग्ण निधीसाठी बाजूला काढली जाणारी दोन टक्के रक्कम गरीब रुग्णांचीच आहे. तिला कुणी हात लावू नये. म्हणून माझी सूचना अशी, की संस्थेने कर्मचारी शिक्षणासाठी वेगळा फिरता निधी उभारावा. त्यातून बिनव्याजी रक्कम द्यावी, तीही फीसाठी नव्हे, तर शिक्षणाच्या काळात घरखर्चाला दरमहा ठराविक. फीसाठी बँक आहे, शासन आहे. किराण्यासाठी कुणी नाही. परत येणाऱ्या हप्त्यांतून पुढच्या भगिनीला मदत मिळेल. दात्यांना खाटेवर नाव कोरण्याचे समाधान मिळते. एखाद्या परिचारिकेच्या शिक्षणाचा भार उचलण्याचे समाधानही त्यांच्यापुढे ठेवून पाहावे.

भगिनींनो, घाई करू नका आणि फार वाटही पाहू नका. या आठवड्यात एक वही घ्या. पहिल्या पानावर अभ्यासक्रमाचे नाव आणि वर्ष लिहा, दुसऱ्यावर खरा खर्च, तिसऱ्यावर शिल्लक, चौथ्यावर साहाय्य, आणि पाचव्यावर उरलेले कर्ज. पाचव्या पानावरचा आकडा पेलण्याजोगा वाटला, तर अर्ज भरा. नाही वाटला, तर तिसऱ्या पानावर आणखी एक वर्ष काम करा. हिशेब मांडताना अडचण आली, तर दर शनिवारी दुपारी कल्याण समितीच्या खोलीत मी बसतो. वही घेऊन या.