रतांब्याचा रंग आणि सुरीची धार
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी १९९५ च्या दहावीच्या तुकडीतली. संयोजकांनी मला "संगणक क्षेत्रातील संधी" असा विषय सुचवला होता. त्या विषयावर आता आपल्या मुलांनाच माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी आज वेगळ्याच गोष्टीवर बोलणार आहे. गेली काही वर्षं मी आणि माझे बाबा वालावलच्या घरी मिळून सुऱ्या बनवतो, त्याबद्दल.

बाबांना आपल्यापैकी बरेच जण ओळखता. तुमच्या घरची विळी, कोयती, खुरपं, नांगराचा फाळ कधी ना कधी आमच्या साळीत येऊन गेलेला आहे. गावगाड्यातल्या बारा बलुत्यांत लोहार एक. आजोबांच्या काळात कामाचे पैसे क्वचितच मिळत, भात झोडून झालं की घरोघरचं बलुतं यायचं. बाबांच्या काळात पैसे मिळू लागले, पण पोटापुरतेच. म्हणून त्यांनी आम्हां भावंडांना ऐरणीपाशी फिरकू दिलं नाही. भाता ओढायची मला फार हौस होती. मी दोरीला हात लावला की ते म्हणायचे, "बाय, तुका ह्या कित्याक होया? हातात पुस्तक धर. घण धरूक मी आसंय." मी पुस्तक धरलं, इंजिनिअर झाले, पुण्यात नोकरीला लागले. त्यांचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही.

दरम्यान साळीतलं काम आटत गेलं. लोक म्हणतात, कारखान्याच्या स्टीलच्या सुऱ्या आल्या म्हणून लोहार बसला. ते अर्धंच खरं. स्वयंपाकघरात गॅस आला, गॅसबरोबर ओटा आला, आणि बसून चिरायची विळी कोपऱ्यात गेली. रान कापायला पेट्रोलवर चालणारं यंत्र आलं, तशी कोयतीही कमी झाली. माडावर चढणारे कमी झाले, तसे कमरेच्या आकडीत कोयती अडकवलेले गडीही दिसेनासे झाले. अवजार मरतं तेव्हा आधी त्याची सवय मरते.

२०२० साली टाळेबंदीत घरून काम सुरू झालं आणि मी गावी आले. तेव्हा आईचे गुडघे इतके दुखत होते की तिला विळीवर बसता येईना. ओट्याशी उभं राहून बाजारातल्या सुरीनं ती मासे कापायची आणि दर दोन दिवसांनी धार गेली म्हणून कुरकुरायची. विळीच्या पात्याची सवय असलेल्या बाईला ते पातं म्हणजे पत्र्याचा तुकडाच. मी बाबांना म्हटलं, विळीच्याच पोलादाची सुरी करूया. बाबा हसले, आणि नाही म्हणाले नाहीत.

ती सुरी कशी होते ते थोडक्यात सांगते, कारण इथल्या तरुण मुलांनी ते ऐकायला हवं.

आमचा कच्चा माल म्हणजे ट्रकचा जुना कमानपाटा. कुडाळच्या भंगारवाल्याकडे तो वजनावर मिळतो. घराच्या साध्या लोखंडी सळीत कार्बन साधारण पाव टक्का किंवा त्याहून कमी असतो, कमानपाट्यात अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक. एवढ्याशा फरकावर सगळं अवलंबून आहे. कमी कार्बनचं लोखंड कितीही तापवून बुडवलं तरी त्याला टिकाऊ धार येत नाही. पूर्वी पोलाद महाग असायचं, तेव्हा साध्या लोखंडाच्या अंगाला धारेपुरती पोलादाची पट्टी तापवून, ठोकून एकजीव करायचे. आजोबांची ती विद्या बाबांच्या हातात आहे, माझ्या हातात अजून आलेली नाही.

पाटा लाल करून रात्रभर राखेत पुरायचा, म्हणजे तो सावकाश निवतो आणि मऊ होतो. मग छिन्नीनं तोडायचा, तापवायचा, ऐरणीवर ठोकून पातं काढायचं आणि कानशीनं घासून आकार द्यायचा. इथवर कष्टाचं काम. त्यापुढे पाणी द्यायचं. पातं पुन्हा तापवायचं आणि एका विशिष्ट रंगाला बुडवायचं. कमानपाट्याचं पोलाद पाण्यात चिरायची भीती असते, म्हणून आम्ही कोमट तेल वापरतो. आता पातं काचेसारखं कडक होतं आणि काचेसारखंच ठिसूळही. मग ते घासून चकचकीत करायचं आणि मंद आचेवर परत थोडं तापवायचं. त्यावर रंगांची लाट सरकू लागते. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पोलादावर हवेतल्या प्राणवायूमुळे ऑक्साइडचा पातळ थर चढत जातो, त्याची जाडी वाढते तसा रंग बदलतो. पिवळा साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला, निळा ३०० च्या आसपास. सुरी पिवळ्यावर थांबवायची, कारण तिला धार टिकवायची असते. कोयतीला लाकडाचे दणके खायचे असतात, म्हणून तिला जांभळ्यापर्यंत जाऊ द्यायचं.

म्हणजे सगळी विद्या रंग ओळखण्यात आहे. लहानपणी मला वाटायचं, आमची साळ गरिबीमुळे अंधारी आहे. ती मुद्दाम अंधारी ठेवलेली होती. उन्हात तापल्या लोखंडाचा खरा रंग दिसत नाही. जपानमधले सुऱ्या-तलवारी करणारे लोहारही याच कारणासाठी अंधारात काम करतात.

आणि नेमकी इथेच अडचण होती. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मोतीबिंदूनं नुसतं अंधुक दिसत नाही, रंगही मळकट पिवळे होतात. हात शाबूत, कान शाबूत, पण ज्या रंगांवर पन्नास वर्षं काम केलं तेच दिसेनात. करोनाच्या काळात शस्त्रक्रिया लांबणीवर पडली होती. ते मला भट्टीसमोर उभं करून विचारायचे, "रंग सांग गो, काय दिसता?" मी म्हणायची, लाल. ते चिडायचे. "लाल म्हणजे काय? लाल शंभर असतत."

मग आम्ही दोघांनी मिळून शब्द ठरवले. नुकता दिसू लागलेला काळपट लाल म्हणजे सुकलेलं सोल. त्याच्या पुढचा भरलेला लाल म्हणजे पिकलेला रतांबो. नारिंगी म्हणजे अबोली. पिवळा म्हणजे हळद, आणि हळदीच्या पुढे गेलात तर ठिणग्या उडून लोखंड जळतं. ठोकायचं ते अबोलीला. सोलाच्या खाली हातोडा मारायचा नाही, तडा जातो. बुडवायचं ते रतांबो पूर्ण पिकून अबोलीकडे झुकताना. तेव्हा मी बाजूला टांगलेल्या लोहचुंबकाला पातं लावून बघते. सुमारे ७७० अंशाला पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं, त्याच्या जरा वर गेलं की बुडवायचं.

मी तापमान मोजायचं साधनही आणलं आणि वहीत बाबांच्या प्रत्येक रंगापुढे आकडा लिहिला. बाबांनी वही शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "आकडो भट्टीचो असता. पात्याचो रंगच बघूक होयो." तेही बरोबर आहे. पात्याचं टोक पातळ, ते आधी तापतं. पाठ जाड, ती मागे राहते. एक आकडा सगळ्या पात्याचं सांगत नाही, डोळा सांगतो.

वर्षभरानं त्यांच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर घरी येऊन पहिला प्रश्न, "भिंतीक चुनो कधी काढलस गो?" चुना कुणीच काढला नव्हता. भिंत मुळातच पांढरी होती. आठवड्याभरानं डॉक्टरांना विचारून, चष्मा लावून ते भट्टीसमोर उभे राहिले. मी म्हटलं, रतांबो पिकला. त्यांनी पाहिलं आणि मान हलवली. "नाय, अजून कच्चो आसा. थांब." आम्ही थांबलो. मग म्हणाले, "आता." त्या क्षणापासून माझा रतांबो आणि त्यांचा रतांबो एक झाला. दुसरा डोळा तसाच राहिला असता, पहिलाही झाला नसता, तर माझ्या वहीत शब्द राहिले असते आणि त्यांचा अर्थ त्यांच्याबरोबर गेला असता.

आजवर आम्ही केलेल्या सुऱ्या मोजक्या आहेत. एका सुरीला दोघांचे मिळून जवळजवळ दोन दिवस जातात. हा धंदा म्हणून परवडतो का, तर बाजारातल्या सुरीच्या भावात नाही. कुणी मला विचारतं, एवढं शिकून परत भात्याकडेच? त्यांना मी सांगते, बाबांनी मला साळीबाहेर काढलं ते बलुत्यातून सुटावं म्हणून, विद्येतून सुटावं म्हणून नव्हे. आता मी पोटासाठी घण धरत नाही, म्हणूनच तो आनंदानं धरू शकते. ज्यांना पोटासाठीच धरायचा आहे, त्यांच्यासाठी १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्यातल्या १८ व्यवसायांत लोहारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजानं विनातारण कर्ज मिळतं, पहिल्या टप्प्यात १ लाख आणि नंतर २ लाखांपर्यंत. आपल्या वाडीत कुणी असेल तर जरूर सांगा. फक्त एक लक्षात ठेवा, योजनेतून हातोडा मिळेल, रतांबो कधी पिकला ते मिळणार नाही.

हौशी मुलांसाठी एक सूचना. शस्त्र कायद्यानं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची सुरी शस्त्रात मोडते. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा उद्योगाच्या कामासाठी केलेलं अवजार त्यातून वगळलं आहे. तेव्हा भाजी-मासळीची सुरी करा, सिनेमातली नको. आणि मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय भट्टी पेटवू नका.

माझी तुम्हांला एकच विनंती आहे. आपण सगळे पंचेचाळिशीच्या आसपास आलो आहोत. आपले आईवडील सत्तरी-ऐंशीत आहेत. कुणाची आई सोलं कशी घालायची हे हातानं जाणते, कुणाचे वडील खाडीत जाळं कुठे टाकायचं ते पाण्याकडे बघून सांगतात, कुणाचे काका कौलं शाकारतात. त्यांना "सांगा" म्हणू नका. सांगता येत नाही म्हणूनच ते आजवर कुणी लिहिलेलं नाही. त्यांच्या शेजारी उभं राहून एकदा ते काम करा, आणि त्यांना तुमचं चुकलेलं दिसू द्या. त्यांचे डोळे आहेत तोवरच ते दिसणार आहे.

वालावलला लक्ष्मीनारायणाच्या दर्शनाला आलात, तळ्याकाठी बसलात, की साळीकडेही या. घरात धार गेलेली विळी असेल तर घेऊन या. बाबा फुकट लावून देतील, पण आधी ती बोथट कशी झाली यावर तुम्हांला चार शब्द ऐकावे लागतील.