रोज एक फोटो, आपल्यासाठी

गटाचा हप्ता, पाणी, मुलांची फी… हात कामात असतात, पण डोक्यातला घोर थांबत नाही. म्हणून आम्ही गटातल्या बायकांनी एक छंद धरलाय : मोबाईलवर दिवसाला एकच फोटो काढायचा.

एकच, म्हणजे निवडावं लागतं. शेवग्याची फुलं टिपायची की चुलीचा धूर? ऊन कुठं पडलंय हे बघताना नजर समोर टिकते, तेवढा वेळ मनाला विसावा मिळतो.

फोटो स्टेटसला ठेवायलाच हवा असं नाही. किती जणांनी बघितला हे मोजत बसलं, की नवा घोर लागतो. त्यापेक्षा बैठकीत बचतीचा हिशेब झाला की आम्ही एकमेकींना फोटो दाखवतो. "हा रिकामा गोठा का गं टिपलास?" एवढं विचारलं, की मनात साचलेलं बाहेर येतं.

पण छंद म्हणजे औषध नव्हे. दोन आठवडे झोप नाही, कशात मन लागत नाही, असं झालं तर टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर बोला. जीव नकोसा वाटला तर त्याच क्षणी फोन लावा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.